निद्रेचे कोडे उलगडणारा गोमंतकीय : आबे फारिया (१७५६–१८१९)

मेंदू आणि मज्जासंस्था यांच्या अभ्यासात ज्याचे नाव घ्यावे लागेल अशा एखाद्या व्यक्तीचे चरित्र स्मरणिकेसाठी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा प्रथम युरोपातील थोर डॉक्टरांचीच नावे डोळ्यांसमोर आली. त्यांच्याविषयी आमचे विज्ञान विभागातील सहकारी अधिक अधिकाराने लिहू शकतील. मी इतिहासाचा विद्यार्थी. म्हणून मी निवडलेला मनुष्य डॉक्टर नव्हता. तो ख्रिस्ती धर्मगुरू होता, गोव्याचा होता, आणि ज्या प्रश्नाशी पुढे मज्जाविकारतज्ज्ञांच्या दोन पिढ्या झुंजल्या त्याचे बरेचसे खरे उत्तर त्याने त्यांच्या कितीतरी आधी देऊन ठेवले होते.

या निवडीमागे एक कारण आहे. जुन्या विद्यार्थिनींना ते आठवत असेल. सुमारे वीस वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या दिवसांत, सायंकाळच्या वंदनेच्या वेळी आठवीतील एक मुलगी एकाएकी कोसळली. दात घट्ट मिटलेले, हातपाय ताठ, आणि थोड्या वेळाने तोंडून निराळाच आवाज. दोन दिवसांत आणखी चार मुलींना तसेच होऊ लागले. बातमी धाम नदीच्या दोन्ही काठांवरील गावांत पसरली. पालक आले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतील माणसेही खालच्या आवाजात बाहेरच्या बाधेविषयी बोलू लागली, आणि एका गटाने तर जाणत्या माणसाला बोलावण्याची भाषा सुरू केली. गृहपाल बाईंनी ते होऊ दिले नाही. वर्ध्याहून डॉक्टर आले. त्यांनी एकेका मुलीला शांतपणे तपासले, हे फेफरे नाही असे सांगितले, मुलींना काही दिवस वेगवेगळ्या खोल्यांत ठेवण्यास आणि भोवती गर्दी न करण्यास सांगितले. आठवड्याभरात सगळे थांबले. पण माझ्या मनात प्रश्न राहिला. त्या मुली खोटे करीत नव्हत्या, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. मग ते काय होते? त्या शोधात जी पुस्तके चाळली त्यांत फारियाचे नाव भेटले.

जुझे कुस्तोदिओ द फारिया याचा जन्म मे १७५६ मध्ये बार्देश महालातील कांदोळी या गावी, आईच्या माहेरी झाला. वडील कायतान व्हितोरिन हे कोलवाळचे, आई रोजा मारिया द सौझा कांदोळीची. फारियांचे घराणे मूळचे शेणवी. सोळाव्या शतकात त्यांच्या पूर्वजाने धर्मांतर केले अशी परंपरा आहे. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोव्यात धर्म बदलला तरी जात बदलली नाही. ख्रिस्ती झालेले ब्राह्मण बामण म्हणून, क्षत्रिय म्हणविणारे चारदो म्हणून, आणि खालचे सुदीर म्हणून वेगळेच राहिले. सोयरीक वेगळी आणि चर्चच्या उत्सवातील मानही वेगळे. फारिया बामण होता. या गोष्टीचा पुढे पुन्हा उल्लेख येईल.

घरातील वातावरण सुखाचे नव्हते. आईवडिलांचे पटले नाही आणि अखेर चर्चच्या परवानगीने दोघे विभक्त झाले. वडिलांनी लग्नापूर्वी अर्धवट सोडलेला धर्मगुरूचा अभ्यास पूर्ण केला, आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण झाली आणि पुढे त्या मठाची प्रमुखही झाली. मुलगा वडिलांकडे राहिला. फेब्रुवारी १७७१ मध्ये बापलेक जहाजाने निघाले आणि नऊ महिन्यांच्या प्रवासानंतर नोव्हेंबरात लिस्बनला उतरले. मुलाचे वय पंधरा. वडील धोरणी होते. त्यांनी दरबारात ओळखी करून घेतल्या आणि राजाच्या आश्रयाने दोघेही रोमला शिकावयास गेले. १७८० मध्ये मुलाने धर्मशास्त्राची डॉक्टरेट मिळविली व त्याला दीक्षा मिळाली. वसाहतीतील एका मुलाला रोमने पदवी द्यावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

लिस्बनला परतल्यावरचा एक प्रसंग गोव्यात आजही घरोघरी सांगतात. राणीच्या समोर प्रवचन देण्यास तरुण फारिया उभा राहिला आणि समोरचा दरबार पाहून त्याची वाचाच बसली. जवळ बसलेल्या वडिलांनी कोंकणीत हळूच सांगितले की ही समोरची सारी माणसे म्हणजे भाजी समज आणि काप. त्या शब्दांसरशी भीती गेली आणि प्रवचन उत्तम झाले. ही आख्यायिका असेल, नसेल. पण मातृभाषेतील एका वाक्याने क्षणात माणसाची अवस्था का पालटली, हा प्रश्न त्याला पुढे आयुष्यभर पुरला, असे त्याचे चरित्रकार मानतात. मला मात्र या कथेत दुसरेच काही दिसते. ज्यांच्यासमोर आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून उभी राहिली त्यांच्यासमोर बोलताना जीभ का लुळी पडते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

१७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीज सत्ता उलथविण्याचा एक कट उघडकीस आला. कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या वाड्यात बैठका होत, म्हणून इतिहासात तो पिंटोंचा कट या नावाने ओळखला जातो. त्यामागे एतद्देशीय धर्मगुरूंची तक्रार होती. विद्वत्ता असूनही, केवळ गोरे नाहीत म्हणून, त्यांना वरची धर्मपदे नाकारली जात. दाद मागण्यासाठी दोन गोमंतकीय पाद्री लिस्बनला गेले होते आणि तेथे त्यांचा फारिया पितापुत्रांशी संबंध आला होता. कट फुटला, सत्तेचाळीस जणांना अटक झाली आणि पंधरा जणांना पणजीत हालहाल करून ठार मारण्यात आले. संशयाची सावली लिस्बनपर्यंत पोहोचली. १७८८ मध्ये धाकटा फारिया पॅरिसला निघून गेला. इतिहासाचा शिक्षक म्हणून एवढे नमूद करणे मला कर्तव्य वाटते की या कटवाल्यांची वर्णभेदाविरुद्धची तक्रार न्याय्य होती. परंतु वरच्या पायरीवर आपल्याला का जागा नाही, हे विचारणाऱ्यांनी सुदिरांना खालच्या पायरीवर कोणी ठेवले हा प्रश्न विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

पॅरिसमध्ये वर्षभरातच राज्यक्रांती झाली. ऑक्टोबर १७९५ मध्ये क्रांतिकारी संसदेविरुद्ध शहरातील काही विभागांनी उठाव केला, त्यात फारिया एका तुकडीचा पुढारी होता असे सांगतात. हा उठाव तोफांनी मोडून काढणाऱ्या तरुण अधिकाऱ्याचे नाव होते नेपोलियन बोनापार्ट. पण फारियाला खरी ओढ लागली ती निराळ्याच विषयाची.

तो विषय समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १७७८ मध्ये व्हिएन्नाहून फ्रांत्स आंतोन मेस्मर नावाचा डॉक्टर पॅरिसला आला. साऱ्या विश्वात एक सूक्ष्म द्रव भरून आहे, शरीरात त्याचा प्रवाह अडला की रोग होतो, आणि आपल्या हातांनी तो प्रवाह आपण सुरळीत करू शकतो, असा त्याचा दावा होता. त्याला त्याने प्राणिज चुंबकत्व असे नाव दिले. श्रीमंत लोक त्याच्या दालनात एका मोठ्या लाकडी टबाभोवती बसत, टबातून निघालेल्या लोखंडी सळ्या दुखऱ्या अवयवांना लावीत, आणि थोड्याच वेळात कुणाला झटके येत, कुणी किंचाळे, कुणी हसत सुटे. एकाला आले की शेजारच्याला येई. आमच्या वसतिगृहातील ते दिवस आठवून हे वर्णन वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

१७८४ मध्ये राजाने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष बेंजामिन फ्रँकलिन, सभासदांत लाव्हाझिए. त्यांनी केलेला एक प्रयोग तर प्रत्येक शाळेत शिकवावा असा आहे. फ्रँकलिनच्या बागेतील एका झाडात चुंबकत्व भरण्यात आले आणि एका मुलाला डोळे बांधून निरनिराळ्या झाडांजवळ नेण्यात आले. मुलगा बेशुद्ध पडला खरा, पण भलत्याच झाडापाशी. समितीने निष्कर्ष काढला की द्रव वगैरे काही नाही. हा कल्पनेचा परिणाम आहे. निष्कर्ष बरोबर होता, पण समिती तेथेच थांबली. कल्पनेने जर माणूस बेशुद्ध पडत असेल, तर ही कल्पना आहे तरी काय आणि ती शरीरावर असे राज्य कसे करते, हा पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो फारियाने विचारला. सुरुवातीला तोही मेस्मरपंथीयच होता. मेस्मरचा शिष्य मार्की द प्युइसेग्यूर याच्याकडून तो हे तंत्र शिकला. १८०२ च्या सुमारास एका मेजवानीत त्याने चुंबकत्वाने पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी मारून दाखविण्याची बढाई मारली आणि पक्ष्याला काहीच झाले नाही, अशी हकीकत लेखक शातोब्रियां याने आपल्या आठवणींत थट्टेने नोंदविली आहे. चरित्रनायकाच्या या फजितीवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. उलट, ज्या माणसाने एकदा असा दावा केला तोच पुढे अशा साऱ्या दाव्यांचा पाया उखडून टाकतो, यातच त्याचे मोठेपण आहे.

१८११ मध्ये तो मार्सेल येथे तत्त्वज्ञानाचा अध्यापक झाला आणि तेथील वैद्यक मंडळाने त्याला सदस्य करून घेतले. नंतर नीम येथे कमी दर्जाच्या जागेवर बदली झाली. ती नोकरी सोडून तो पॅरिसला परतला आणि ऑगस्ट १८१३ मध्ये क्लिशी मार्गावरील एका दालनात त्याने जाहीर व्याख्याने व प्रात्यक्षिके सुरू केली.

ती प्रात्यक्षिके मेस्मरच्या दालनाहून अगदी वेगळी होती. टब नाही, सळ्या नाहीत, हातवारे नाहीत. काळासावळा, उंच असा हा पाद्री एखाद्या व्यक्तीला आरामात खुर्चीवर बसवी, डोळे मिटून झोपेचा विचार करावयास सांगे, आणि थोड्या शांततेनंतर मोठ्या, ठाम आवाजात झोपण्याचा हुकूम देई. एकदोनदा हुकूम देऊन काम झाले नाही, तर आपल्या उघड्या तळहाताकडे टक लावून पाहावयास सांगून तो हात हळूहळू जवळ आणी. काहींना झोप लागे, काहींना लागत नसे. ज्यांना लागत नसे त्यांना तो सरळ परत पाठवी. झोपलेल्याला साधे पाणी देऊन ते दुसरेच पेय आहे असे सांगितले की त्याला तीच चव येई. जागे झाल्यावर अमुक करावे असे झोपेत सांगून ठेवले, तर तो जागेपणी ते करी आणि का केले हे त्याला सांगता येत नसे.

हे सगळे दाखवून फारिया जे सांगे ते त्या काळाच्या मानाने विलक्षण होते. माझ्यापासून काहीही निघत नाही, द्रव नाही की शक्ती नाही. माझी इच्छाशक्तीही येथे काम करीत नाही. जे घडते ते झोपणाऱ्याच्याच आत घडते. त्याचे लक्ष एकाग्र होते, बाहेरच्या संवेदना मागे पडतात, आणि त्याने जे स्वीकारले ते त्याचे शरीर खरे करून दाखविते. करणारा तो आहे, मी केवळ निमित्त. या अवस्थेला त्याने सजग निद्रा म्हटले. त्यात सैतान नाही आणि चमत्कारही नाही, ती माणसाच्या नैसर्गिक निद्रेचीच जात आहे, असे त्याचे प्रतिपादन होते.

जरा विचार करावा. मांत्रिकाचा सारा व्यवसाय उभा असतो तो शक्ती त्याच्याजवळ आहे या समजुतीवर. त्या समजुतीची पेठ भरलेली असताना एक मनुष्य व्यासपीठावर उभा राहतो, लोकांच्या डोळ्यांदेखत चमत्कार वाटावा असे घडवून दाखवितो, आणि वर सांगतो की यात माझे काही नाही. असा मनुष्य दोन्ही बाजूंना नकोसा होतो. मेस्मरपंथीयांना त्यांचा द्रव गेल्याचा राग आला. चर्चमधील लोकांनी यात सैतानाचा हात पाहिला. आणि विद्वानांनी मेस्मरच्याच माळेतील आणखी एक भोंदू म्हणून त्याची उपेक्षा केली.

त्याचा घात मात्र हशाने केला. एका नटाने प्रात्यक्षिकात भाग घेतला, झोपल्याचे सोंग केले, आणि भर सभेत डोळे उघडून आपण फसविल्याचे जाहीर केले. १८१६ मध्ये पॅरिसच्या व्हारिएते नाट्यगृहात चुंबकवेडावर एक प्रहसन आले. त्यात पोतिए या लोकप्रिय विनोदी नटाने फारियाची हुबेहूब नक्कल केली. त्याचे उच्चार, त्याची चालण्याची ढब, त्याचा रंग, सगळे हसण्याचे साहित्य झाले. एका नटाचे सोंग म्हणजे हजारो प्रयोगांचे खंडन नव्हे, हे सांगण्याची सोय राहिली नाही. व्याख्याने बंद पडली. उतारवयात तो मुलींच्या एका शाळेत पाद्री म्हणून राहिला आणि तेथे त्याने आपला ग्रंथ लिहावयास घेतला. सजग निद्रेचे कारण आणि मानवी स्वभावाचा अभ्यास हा त्याचा विषय. चार खंडांची योजना होती. पहिला खंड १८१९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी मेंदूतील आघाताने फारियाचे निधन झाले. मोंमार्त्र येथील स्मशानभूमीत त्याला पुरले. कबरीवर नाव कोरलेले नाही.

त्या ग्रंथातील सर्वच काही टिकले नाही. काही माणसांना ही निद्रा सहज का लागते, याचे कारण त्यांचे रक्त पातळ असते असे त्याने दिले. ते चूक आहे. आणि मुखपृष्ठावर त्याने आपल्या नावापुढे काय लिहावे? ब्राह्मण. पॅरिसमध्ये पूर्वेकडील ब्राह्मण म्हणजे गूढ ज्ञानाचा वारस, अशी समजूत होती, तिचा लाभ घेण्याचा मोह त्याला आवरला नाही. शक्ती माझ्यात नाही असे आतल्या पानांत सिद्ध करणाऱ्या माणसाने बाहेरच्या पानावर जन्माचा अधिकार मिरवावा, ही विसंगती मला अनेक वर्षे सलत आली आहे. रंगावरून ज्याची टवाळी झाली त्याने जातीचा आधार घेतला, असे म्हणून समजून घेता येते. समर्थन करता येत नाही.

पुढची हकीकत मज्जाविकारशास्त्राच्या इतिहासाची आहे. १८४१ मध्ये मँचेस्टरचा शल्यवैद्य जेम्स ब्रेड याने एक प्रात्यक्षिक पाहिले आणि दोन वर्षांनी या अवस्थेला मज्जासंस्थेची निद्रा मानून त्यावर ग्रंथ लिहिला. आज इंग्रजीत रूढ असलेले नाव त्याच्यामुळे प्रचारात आले. आपल्याकडे १८४५ पासून बंगालमध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल या डॉक्टरने रुग्णांना अशा निद्रेत ठेवून मोठ्या शस्त्रक्रिया केल्या. भूल देण्याची औषधे तेव्हा यावयाची होती. १८७८ पासून पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तें शार्को याने हा विषय हाती घेतला. शार्को म्हणजे आधुनिक मज्जाविकारशास्त्राचा एक जनकच. १८८२ मध्ये मज्जासंस्थेच्या रोगांचे स्वतंत्र अध्यासन त्याच्यासाठी निर्माण झाले. परंतु येथे त्याची गफलत झाली. संमोहन हा उन्मादाच्या रुग्णांतच आढळणारा विकार आहे, असे त्याने मानले. त्याच्या रुग्ण स्त्रिया एकमेकींचे पाहून, डॉक्टरांची अपेक्षा ओळखून, ठरावीक पद्धतीने झटके देत असत. त्यालाच तो रोगाचे नियम समजला. नान्सी येथील लिएबो आणि बर्नहाइम यांनी त्याला विरोध केला. हा रोग नव्हे, ही सूचनेची किमया आहे आणि ती निरोगी माणसातही घडते, असे त्यांनी दाखविले. वादात नान्सीचा पक्ष खरा ठरला. आणि बर्नहाइमने प्रांजळपणे फारियाचे ऋण मान्य केले. तरुण फ्रॉइड या दोन्ही ठिकाणी जाऊन शिकला, हे पुष्कळांना ठाऊक असेल.

१९०६ मध्ये दाल्गाद या गोमंतकीय डॉक्टरने फारियाचे पहिले विस्तृत चरित्र पॅरिसमध्ये प्रसिद्ध केले. १९२५ मध्ये लिस्बनचा मज्जाविकारतज्ज्ञ एगास मोनिझ याने त्याच्यावर ग्रंथ लिहिला. याच मोनिझने पुढे मेंदूतील रक्तवाहिन्यांची क्ष-किरण चित्रे घेण्याची पद्धत शोधली, आणि मनोरुग्णांच्या मेंदूतील तंतू कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शस्त्रक्रियेने किती आयुष्ये उद्ध्वस्त झाली ते आता जगजाहीर आहे. शब्दाने मन पालटणाऱ्या माणसाचे चरित्र, मन पालटण्यासाठी सुरी चालविणाऱ्या माणसाने लिहावे, हा योग चमत्कारिकच म्हणावा लागेल. सर्वसामान्य वाचकांना मात्र फारिया माहीत झाला तो द्यूमाच्या कादंबरीतील कैदी पाद्री म्हणून. त्या पात्राने त्याचे नाव घेतले आहे, चरित्र नाही.

पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी फारियाचा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत. १९४५ मध्ये तो उभारला गेला. काही वर्षांपूर्वी दहावीची शैक्षणिक सहल गोव्याला गेली तेव्हा मी मुलांना तेथे मुद्दाम नेले. झग्यातील एक पुरुष दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि समोर एक स्त्री मागे कलंडते आहे. पाहताक्षणी कोणालाही वाटावे की त्याच्या हातांतून काहीतरी निघते आहे आणि तिला पाडते आहे. मुलांनाही तसेच वाटले. बस सुटावयाची होती, तरी तेथेच फुटपाथवर त्यांना थांबवून शिल्पात दिसते त्याच्या नेमके उलटे फारिया काय म्हणाला होता ते सांगत बसलो, आणि चालकाने तीनदा हॉर्न वाजविला.